दयेचं सोंग आणि आफ्रिकेचं हसू

आपल्याकडे म्हण आहे : आयजीच्या जिवावर बायजी उदार. कणगी आयजीची, वाटणारी बायजी, आणि पुण्य कुणाच्या खाती? बायजीच्या. आफ्रिका खंडाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका म्हणीत बसतो असं म्हटलं तर विद्वान मंडळी रागावतील. रागावू देत. पण मला बायजीबद्दल फार बोलायचं नाही. तिच्यावर ग्रंथ आहेत. मला बोलायचंय आयजीबद्दल. आयजी नुसती रडत बसली नाही. ती हसली. हसता हसता तिनं हिशोबाची वही मागितली. हा त्या हसण्याचा इतिहास आहे, आणि तो आपण वाचला पाहिजे, कारण उपकाराच्या ओझ्याखाली वाकलेली पाठ काय असते ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

सुरुवात राजापासून करू. १८७६ सालच्या सप्टेंबरात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानं ब्रुसेल्सच्या राजवाड्यात एक परिषद भरवली. भूगोलाचे पंडित, प्रवासी, दानशूर सज्जन सगळे आले. विषय काय, तर आफ्रिकेतला अंधार दूर करणं, गुलामांचा व्यापार मोडणं, ज्ञानाची ठाणी उघडणं. संस्था निघाली, आंतरराष्ट्रीय आफ्रिकन संघ. तिच्या डोक्यावर राजा स्वतः. पुढे १८८४ च्या नोव्हेंबरात बर्लिनला युरोपातली राष्ट्रं आफ्रिकेबद्दल बोलायला जमली आणि १८८५ च्या फेब्रुवारीत करार झाला. त्या कराराच्या सहाव्या कलमात चक्क लिहिलंय की मूळ रहिवाशांचं रक्षण करू, त्यांची नैतिक आणि भौतिक स्थिती सुधारू. टेबलाभोवती आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. ज्याचं कल्याण करायचं त्याला बैठकीला बोलवायचं नसतं, ही रीत आपल्याला नवी नाय.

या कल्याणातून राजाला काय मिळालं? काँगो. बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठा मुलूख, एका माणसाची खासगी जहागीर. १८८८ मध्ये डनलॉपनं हवा भरलेला टायर काढला आणि जगाला रबराची भूक लागली. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला रबराचा कोटा ठरला. कोटा भरला नाही तर बायका ओलीस. तरी नाही भरला तर गोळ्या. आणि काडतूस शिकारीत वाया घालवलं नाही याचा पुरावा म्हणून शिपायानं साहेबाला मेलेल्या माणसाचा तोडलेला हात दाखवायचा. हात कमी पडले तर जित्या माणसांचे तोडायचे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आपण ऐकलंय. इथं मढ्याच्या हाताची पावती होती.

हे सगळं आधी कुणी सांगितलं? एका काळ्या माणसानं. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स हा अमेरिकन निग्रो, यादवी युद्धात लढलेला, आपल्या लोकांचा इतिहास दोन खंडांत लिहिणारा. त्यानं १८९० मध्ये काँगो डोळ्यांनी पाहून राजाला जाहीर पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी तो मेला आणि त्याचं पत्र बाजूला पडलं. जगानं ऐकलं ते नंतर, गोऱ्या माणसाच्या तोंडून. ई. डी. मोरेल हा जहाज कंपनीतला कारकून. त्यानं जास्त काही केलं नाही, वही बघितली. काँगोतून येणाऱ्या बोटी रबर आणि हस्तिदंतानं भरलेल्या, जाणाऱ्या बोटींत बंदुका आणि काडतुसं. मग रबराची किंमत चुकती होते कशानं? मालानं नाही, पैशानं नाही. म्हणजे फुकटच्या घामानं आणि रक्तानं. दयेचं सगळं सोंग त्या जावक-आवकच्या रकान्यांत उघडं पडलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०५ मध्ये मार्क ट्वेननं राजावर एक पुस्तिका लिहिली. आपल्या तमाशातल्या वगासारखीच म्हणा. रंगमंचावर राजा एकटाच. तो चिडतो, क्रॉसला मुके देतो, आपण किती धर्मात्मे आहोत ते सांगतो आणि बोलता बोलता स्वतःच्या तोंडानं सगळे गुन्हे कबूल करतो. त्याची मोठी तक्रार कॅमेऱ्याबद्दल आहे. वर्तमानपत्रं विकत घेता आली, पण हा डबा लाच घेत नाही. विक्रीचा पैसा काँगो सुधारणा चळवळीला गेला. १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. तो गेला बेल्जियम सरकारकडे, काँगोच्या माणसांकडे नाही.

सत्यशोधक जलशात भटजीचं सोंग आणायचे तेव्हा गावाला काय व्हायचं? पोथीमागचा माणूस दिसायचा. ट्वेननं तेच केलं. पण एक कमी होती आणि ती मला टोचते. काँगोचा माणूस त्या पुस्तिकेत फोटोत आहे. तुटका हात घेऊन उभा आहे. बोलतोय अमेरिकेतला लेखक. ज्याचा हात गेला त्याच्या हातात लेखणी यायला पुढे कैक वर्षं जायची होती.

आता एकदम १९८४ वर येऊ, कारण आजच्या दयेचा धंदा समजायचा तर तिथे थांबावंच लागतं. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीनं इथिओपियातल्या कोरेम गावची चित्रं दाखवली. बातमीदार मायकेल बर्क, कॅमेरा केनियाचा मोहम्मद अमीन याचा. भुकेनं मरणारी हजारो माणसं एका माळावर. बघणाऱ्यांच्या घशाखाली घास उतरेना. नोव्हेंबरात बॉब गेल्डॉफनं गवय्ये जमवून गाणं काढलं, पुढच्या वर्षी १३ जुलैला लंडन आणि फिलाडेल्फियाला प्रचंड जलसा झाला. पैसा जमला, धान्य गेलं, माणसं वाचली. ते मी नाकारत नाही. उपाशी लेकराच्या तोंडात पडलेला घास खोटा नसतो.

पण गाणं काय विचारत होतं? या लोकांना नाताळ आहे हे तरी माहीत आहे का? च्यायला! इथिओपियाच्या राजानं ख्रिस्ती धर्म घेतला चौथ्या शतकात. इंग्लंडचे बहुतेक राजे तेव्हा जन्मायचे होते. तिथला नाताळ ७ जानेवारीला येतो, त्याला गेन्ना म्हणतात. लालिबेलाची खडकात कोरलेली देवळं त्याच उत्तरेच्या डोंगरात आहेत. आणि गाण्यात म्हणे तिथं नदी वाहत नाही. निळी नाईल इथिओपियातून निघते, इजिप्तचं पोट तिच्यावर भरतं. ज्याला मदत करायची त्याचा सण माहीत नाही, नदी माहीत नाही, धर्म माहीत नाही. फक्त त्याच्या बरगड्या माहीत आहेत.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या अडाणीपणाची किंमत माणसांनी मोजली. दुष्काळ आभाळातून पडला असं चित्रात दिसत होतं. पाऊस कमी होताच. पण तिग्राई आणि इरिट्रियात मेंगिस्तूचं लष्करी सरकार बंडखोरांशी लढत होतं, बाजार बंद पाडत होतं, धान्य अडवत होतं. त्याच सप्टेंबरात अदिस अबाबात क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटात साजरा झाला. नंतर सरकारनं उत्तरेतली सुमारे ६ लाख माणसं उचलून दक्षिणेत नेऊन टाकली, कैक जबरदस्तीनं. फ्रान्सच्या डॉक्टरांच्या एका संघटनेनं यावर तोंड उघडलं तर डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढलं. बाकीच्या संस्थांपैकी बहुतेक गप्प राहिल्या. गाण्यात सरकार नव्हतं, युद्ध नव्हतं, शेतकरी नव्हता. नुसती भूक होती. दयेची ही पहिली खोड : ती भूक दाखवते, भुकेचं कारण दाखवत नाही. कारण दाखवलं की दया संपते आणि राजकारण सुरू होतं.

दुसरी खोड हिशोबाची. अमेरिकेनं १९५४ मध्ये कायदा केला, पब्लिक लॉ ४८०. तिकडच्या शेतकऱ्याचं जादा पिकलेलं धान्य खपवायचं आणि नाव शांततेसाठी अन्न. आपल्या आईबापांना हा पी. एल. ४८० चांगला ठाऊक होता. साठीच्या दशकात रेशनवर तो गहू आणि लाल मिलो आला. माळावर माजलेलं गाजरगवत त्याच गव्हातून आलं असं लोक अजून सांगतात. १९६५-६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सननं गव्हाच्या बोटी महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडल्या, कारण दिल्लीनं व्हिएतनामवर तोंड उघडलेलं त्याला आवडलं नव्हतं आणि आपलं शेतीचं धोरण त्याला आपल्या मनाप्रमाणे वळवायचं होतं. ताट वाढायचं, पण हात ताटावरच ठेवायचा.

तोच कायदा आफ्रिकेत गेला. धान्य अमेरिकेतच घ्यायचं, आणि निदान अर्धं अमेरिकेच्याच जहाजांतून न्यायचं. १९८५ मध्ये हा वाटा ७५ टक्के केला, तो २०१२ मध्ये परत ५० वर आला. म्हणजे मदतीतल्या पैशाचा मोठा भाग जहाजवाल्याच्या खिशात. वर काही संस्था हे धान्य आफ्रिकेच्या बाजारात विकून त्यातून आपली कामं चालवायच्या. फुकटचं धान्य बाजारात आलं की गावच्या शेतकऱ्याच्या ज्वारीचा भाव पडणार हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. २००७ मध्ये केअर या अमेरिकेच्या बड्या संस्थेनंच कबूल केलं की ही रीत चुकीची आहे, आणि वर्षाला सुमारे साडेचार कोटी डॉलरची अशी मदत नाकारायचं ठरवलं. घरच्या कारभाऱ्यानंच वही उघडली म्हणायची.

आता आयजीचं हसू. माझ्या मते ते दोन माणसांपासून नीट ऐकू येतं.

पहिला थॉमस संकारा. अपर व्होल्टाचा हा तरुण कॅप्टन १९८३ मध्ये सत्तेवर आला. पुढच्या वर्षी त्यानं देशाचं साहेबी नाव पुसून बुर्किना फासो ठेवलं, ताठ मानेच्या माणसांचा देश. लोक विचारत, साम्राज्यवाद कुठं दिसतो? तो म्हणे, जेवताना ताटात बघा, परदेशातून आलेला दाणा दिसेल, तोच. जुलै १९८७ मध्ये अदिस अबाबाला आफ्रिकेच्या पुढाऱ्यांसमोर तो कर्जावर बोलला. आम्ही कर्ज फेडलं नाही तर सावकार मरणार नाहीत, फेडलं तर आम्ही मात्र नक्की मरू. सभागृह हसलं. मग तो म्हणाला की एकट्या बुर्किनानं नकार दिला तर पुढच्या बैठकीला मी नसेन. पुन्हा हसले. १५ ऑक्टोबर १९८७ ला त्याला गोळ्या घातल्या. त्याचा जुना दोस्त ब्लेझ काँपाओरे गादीवर बसला तो २०१४ पर्यंत. २०२२ मध्ये त्याच देशाच्या लष्करी न्यायालयानं काँपाओरेला या खुनात जन्मठेप दिली, तो हजर नसताना. विनोद करणाऱ्याला गोळी का घालतात? कारण हसलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा घाबरत नाही.

दुसरा सेनेगलचा उस्मान सेंबेन. कोळ्याचा पोरगा, मार्सेच्या बंदरात हमाली केलेला, युनियनमध्ये घडलेला. आपल्या अण्णाभाऊंच्या जातकुळीचा माणूस. आधी कादंबऱ्या लिहिल्या. मग कळलं की आपले लोक फ्रेंच वाचत नाहीत, म्हणून सिनेमाकडे वळला. त्याचा 'गेलवार' १९९२ चा. गेलवार हा ख्रिस्ती कार्यकर्ता, परदेशी मदतीच्या समारंभात सगळ्यांसमोर उठून बोलतो की हात पसरणं ही लाज आहे, ती पोरांच्या रक्तात उतरते. तो मरतो. पुढे गंमत होते, त्याचं प्रेत चुकून मुसलमानांच्या कबरस्तानात पुरलं जातं आणि प्रेतावरून दोन धर्मांची हमरीतुमरी सुरू होते. पुढारी येतो, मदतीच्या धान्याची गाडी येते, सगळे शांत होतील असं त्याला वाटतं. शेवटी गावची पोरं त्या गाडीवर चढून पोती रस्त्यावर ओततात आणि अंत्ययात्रेची गाडी त्या पिठावरून पुढे जाते. मोठी माणसं कळवळतात, अन्नाचा अपमान झाला म्हणून. खरा अपमान कुठला, हा प्रश्न सेंबेन आपल्यापुढे ठेवून जातो. भरल्या पोटी हा सिनेमा बघून टाळ्या वाजवणं सोपं आहे. उपाशी पोटी पोतं ओतायला काय लागतं ते आपल्याला म्हाडच्या तळ्यावर गेलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे.

मग २००५ साल आलं. ट्वेनच्या पुस्तिकेनंतर बरोबर शंभर वर्षांनी केनियाच्या बिन्यावांगा वैनायना यानं 'ग्रांटा' या इंग्रजी त्रैमासिकात दोन-चार पानांचा लेख लिहिला, आफ्रिकेवर कसं लिहावं. मुळात ते संपादकाला पाठवलेलं चिडकं पत्र होतं. लेखाची युक्ती साधी. तो गोऱ्या लेखकाला गंभीर चेहऱ्यानं सल्ले देतो : खंडाला एकच देश समजा, भुकेली बाई हवीच, सुखी संसार दाखवू नका, मावळता सूर्य विसरू नका. वाचता वाचता गोऱ्या वाचकाला कळतं की ही तर आपल्याच कपाटातली पुस्तकं. आता कॅमेऱ्यापुढचा माणूस कॅमेऱ्यामागे गेला. फोटोतला माणूस फोटोग्राफरचा फोटो काढू लागला. वैनायना २०१९ मध्ये गेला. लेख मात्र जिवंत आहे.

नंतर वाट मोकळी झाली. केनियात 'द समॅरिटन्स' नावाची मालिका निघाली, तिच्यातल्या मदत संस्थेचं नावच मदतीला मदत. ऑफिस आहे, गाड्या आहेत, अहवाल आहेत, काम नाही. २०१२ मध्ये नॉर्वेच्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेनं दक्षिण आफ्रिकेच्या कलावंतांबरोबर गाण्याची फिल्म काढली. त्यात आफ्रिकेचे लोक थंडीनं काकडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी खोल्या तापवायची यंत्रं गोळा करतात. थंडीही मारते, कुणीतरी कळवळा करायला नको का? हीच मंडळी दरवर्षी सर्वात वाईट मदत-जाहिरातीला गंजकं यंत्र बक्षीस द्यायची. २०१७ मध्ये ते एड शीरन या गवय्याच्या लायबेरियातल्या फिल्मला मिळालं. हाच शीरन २०१४ मध्ये त्या नाताळाच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत गायला होता. तेव्हा घाना वंशाचा गायक फ्यूज ओडीजी यानं गाण्यातले शब्द बघून नकार दिला होता. २०२४ मध्ये गाण्याला चाळीस वर्षं झाली, नवं मिश्रण निघालं, तेव्हा शीरन म्हणाला, मला विचारलं असतं तर माझा आवाज वापरू दिला नसता. हसण्यानं माणूस बदलतो का, असं विचारणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

आमच्या वस्तीत एकदा शहरातल्या एका संस्थेची माणसं वह्या वाटायला आली होती. पोरांना ओळीनं उभं केलं, वह्या छातीशी धरायला लावल्या, फोटो नीट येईपर्यंत अर्धा तास उन्हात ठेवलं. एका पोरीनं विचारलं, काका, वही फोटोची की लिहायची? सगळी वस्ती हसली. तिनं वैनायना वाचलेला नव्हता. गरज नव्हती.

आता कडू भाग. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड ही १९६१ ची संस्था बंदच केली. औषधं अडकली, दवाखाने बंद पडले. सुदानमध्ये युद्धात लोकांनी स्वतः चालवलेली सामुदायिक स्वयंपाकघरं मोठ्या संख्येनं विझली. काही जण म्हणाले, घ्या, तुम्हीच टिंगल करत होता ना? नाय दोस्त. संकारानं, सेंबेननं, वैनायनानं लेकराच्या तोंडचा घास काढा असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं होतं की हा घास तुझ्या मर्जीवर का? एका सहीनं जे बंद होतं ते दान. सहीनं बंद करता येत नाही, बंद केलं तर कोर्टात आणि रस्त्यावर खेचता येतं, तो हक्क. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात माणसं खडी फोडायला उतरली. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ मध्ये मंजूर आणि १९७९ पासून लागू. त्यात भ्रष्टाचार झाला, मुकादमांनी हजेरीपट खाल्ले, सगळं खरं. पण मागेल त्याला काम हे शब्द कायद्यात आले, आणि हजेरीपट कुठाय असं बाई मामलेदाराला विचारू लागली. ज्याला हिशोब विचारता येतो तो दाता उरत नाही, नोकर होतो.

हे बाबासाहेबांनी १९३२ मध्येच ओळखलं होतं. पुणे करारानंतर अस्पृश्यांच्या सेवेसाठी संघ निघाला, त्याचाच पुढे हरिजन सेवक संघ झाला. नोव्हेंबरात तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी चिटणीस ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. थोड्यांना शिष्यवृत्त्या आणि सदाचाराचे धडे देण्यात शक्ती घालवू नका, विहिरी, शाळा, गावातली वहिवाट यांसाठी नागरी हक्कांची लढाई करा. संघाला ते झेपलं नाही. बाबासाहेब बाहेर पडले. दयेनं माणसाचा लढाऊ कणा मारता येतो हे त्यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात पुढे सविस्तर मांडलं.

म्हणून साथींनो, मदत येईल तेव्हा घ्या. भुकेला तत्त्वज्ञान सांगू नका. पण घेताना तीन गोष्टी विचारा. भुकेचं कारण तुझ्या जाहिरातीत आहे का? पैसा कुठून निघाला, कुठे उतरला, वही दाखव. आणि बैठकीला आमचा माणूस होता का? उत्तर मिळालं नाही तर हसा. मोठ्यानं हसा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. आणि हसून झालं की वही मागायला पुन्हा दारात उभे राहा.

जय भीम.